तालीम : माणसाची आणि मुक्या जनावराची

मराठीत 'तालीम' हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे लाल मातीचा हौदा येतो. लंगोट लावून जोर-बैठका काढणारी पोरे, कोपऱ्यात उभ्या केलेल्या मुद्गलांच्या जोड्या आणि काठावर बसलेले वस्ताद दिसू लागतात. उर्दूत मात्र 'तालीम' म्हणजे शिक्षण. शब्द एकच आहे आणि तो मूळचा अरबी आहे. आपला 'वस्ताद' म्हणजे फारसीतला 'उस्ताद', अर्थात गुरुजी. 'पैलवान', 'कुस्ती', 'जोर', 'खुराक' हे शब्दही फारसीतूनच येऊन मराठी मातीत रुजले, आणि 'कसरत' अरबीतून आली. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी या दोन्ही भाषा नांदतात, तेव्हा ही गोष्ट आपल्या लवकर ध्यानी येईल. शाळेला आणि आखाड्याला एकच शब्द लावणाऱ्या लोकांना शरीराचे शिक्षण आणि बुद्धीचे शिक्षण यांत फारसे अंतर वाटत नसावे.

आज हे अंतर फार वाढले आहे. मी शिक्षक असल्यामुळे दरवर्षी एक दृश्य पाहतो. मुलगा दहावीत गेला की पहिली कुऱ्हाड कोसळते ती त्याच्या खेळावर. संध्याकाळचे मैदान बंद होते, क्लास सुरू होतो. शाळेतला शारीरिक शिक्षणाचा तासही गणिताकडे किंवा विज्ञानाकडे वळविला जातो. मुलींच्या वाट्याला हे आणखी लवकर येते. सातवी-आठवीतच 'आता मोठी झालीस' असे म्हणून तिचे धावणे थांबविले जाते. यात पालकांचा हेतू वाईट नसतो. मुलाने शिकावे, घराण्याचे नाव काढावे, हीच त्यांची तळमळ असते. परंतु व्यायाम म्हणजे फावल्या वेळची करमणूक, अशी जी समजूत या निर्णयामागे आहे, ती कितपत खरी? या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने दिलेले आहे, आणि त्याच्या साक्षीदारांत माणसांबरोबर घोडे, कोंबड्या, माकडे आणि उंदीरही आहेत. त्या साक्षी आपल्यापुढे मांडाव्यात, एवढ्यासाठी हा लेख.

जुन्या वैद्यांची साक्ष

नुसत्या खाण्याने माणूस निरोगी राहत नाही, त्याला श्रमांचीही जोड हवी, हा विचार ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस याच्या नावावर असलेल्या ग्रंथांत इसवी सनापूर्वीच आलेला आहे. दुसऱ्या शतकातला गॅलेन हा तर आपल्या पर्गामम या गावी ग्लॅडिएटरांचा, म्हणजे आखाड्यात झुंजणाऱ्या योद्ध्यांचा वैद्य होता. लहान चेंडूच्या खेळावर त्याने एक स्वतंत्र निबंध लिहिला. या खेळाला फार पैसा लागत नाही, फार सामान लागत नाही आणि सगळ्या शरीराला व्यायाम होतो, म्हणून त्याला तो पसंत होता. गल्लीत रबरी चेंडू खेळणाऱ्या आपल्या मुलांना हे अवश्य सांगावे.

आपल्या देशात चरकाने आणि सुश्रुताने व्यायामाचे गुण सांगितले आणि त्याचे मापही सांगितले. आपल्या शक्तीच्या निम्म्याइतकाच व्यायाम करावा, असे सुश्रुताचे मत आहे. प्रमेहाच्या, म्हणजे ज्यात मधुमेह येतो त्या रोगाच्या प्रकरणात त्याने सांगितलेला उपचार तर आज वाचतानाही नवल वाटते. गरीब रोग्याने अनवाणी, छत्रीवाचून, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र मुक्काम करीत शंभर योजने चालावे. श्रीमंताने जाडेभरडे धान्य खावे आणि गाईंच्या मागे हिंडावे. कोणी विहीर खणावी. औषधाच्या पुडीइतकीच पायांचीही चाल रोगावर लागू पडते, हे या वैद्याने ओळखले होते. त्याच्यानंतर कित्येक शतकांनी आपल्याच देशात चेन्नईच्या डॉक्टरांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ लोकांवर प्रयोग केला. आहारात सुधारणा आणि नियमित चालणे एवढ्यावर मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले.

आणि आता इब्न सीना. बुखाऱ्याजवळ ९८० साली जन्मलेला आणि १०३७ साली हमदान येथे मृत्यू पावलेला हा हकीम. त्याचा 'अल्-कानून फित्-तिब्ब' हा पाच भागांचा ग्रंथ पूर्वेकडे आणि युरोपातही कित्येक शतके वैद्यकाचे पाठ्यपुस्तक होता. आरोग्य टिकविण्याच्या तीन मुख्य गोष्टी त्याने सांगितल्या : व्यायाम, आहार आणि झोप. त्यांत आरंभ त्याने व्यायामापासून केला. ज्या हालचालीने श्वास खोल आणि जलद चालू लागतो, आणि जी माणूस आपल्या इच्छेने करतो, ती त्याच्या मते व्यायाम. त्याची यादी पाहण्यासारखी आहे. कुस्ती, धावणे, झपझप चालणे, तिरंदाजी, भालाफेक, घोड्यावर बसणे, उंटावर बसणे, चेंडू-काठीचा खेळ, एवढेच काय, झोपाळा आणि होडीतला प्रवासदेखील त्यात आहे. तान्ह्या मुलासाठी पाळण्याचे हलके झोके आणि अशक्तांसाठी सौम्य हालचाल. ज्याची जशी ताकद तसा त्याचा व्यायाम, हे सूत्र त्याने हजार वर्षांपूर्वी मांडून ठेवले. युनानी वैद्यकात जगण्यासाठी आवश्यक अशी जी सहा कारणे मानतात, त्यांत शरीराची हालचाल आणि विश्रांती हे एक आहे. म्हणजे आपल्या हकीमसाहेबांच्या दृष्टीने हालचाल ही हवा-पाण्याच्या पंगतीला बसणारी गोष्ट होती.

घोड्यांनी शिकविलेला धडा

माणसाला व्यायामाचे महत्त्व कळले ते केवळ स्वतःच्या शरीरावरून नव्हे. त्याच्या ठाणावरच्या घोड्यानेही ते त्याला शिकविले. ज्या घोड्याच्या पाठीवर आपला जीव अवलंबून आहे, तो दमदार राहावा म्हणून काय करावे, याचा विचार स्वारांना रोजच करावा लागे.

अरबांमध्ये घोडा तयार करण्याच्या रीतीला 'तज्मीर' म्हणत. घोड्याला आधी चांगले खाऊ घालायचे, मग हळूहळू चारा बेताचा करायचा, झुली घालून घाम काढायचा आणि फेरफटक्याने अंगातली चरबी झडवून त्याला सडसडीत बनवायचे. 'सहीह बुखारी'त नोंद आहे की, हजरत पैगंबर मुहंमद (स.) यांनी मदीना येथे घोड्यांच्या शर्यती लावल्या. तज्मीर केलेल्या घोड्यांना हफया ते सनियतुल-विदा हे अंतर दिले, ते पाच-सहा मैलांचे. ज्यांची अशी तयारी झालेली नव्हती त्यांना सनियतुल-विदापासून बनू जुरैकच्या मशिदीपर्यंत धावविले, ते एक मैलाचे. वाचकहो, या दोन आकड्यांवर क्षणभर विचार करा. तयार जनावराला सहा मैल आणि बिनतयारीच्या जनावराला एक मैल. मुक्या प्राण्याकडून त्याच्या ताकदीइतकेच घ्यावे आणि ताकद वाढवायची तर ती क्रमाक्रमाने वाढवावी, ही दोन्ही तत्त्वे त्यात आलेली आहेत.

मोगलांच्या काळी अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त हत्ती, घोडे, उंट यांच्या खुराकाचे नियम बारकाईने नोंदले आहेत. चौगानबद्दल, म्हणजे ज्याला आज पोलो म्हणतात त्या खेळाबद्दल, लिहिताना तो म्हणतो की, या खेळात माणसाची पारख होते, तो घोडेस्वारीत तरबेज होतो, आणि घोडाही चपळ होऊन लगामाच्या इशाऱ्यावर वागायला शिकतो. एकाच खेळात स्वार आणि जनावर दोघांचीही तालीम! अकबर बादशहाला या खेळाची इतकी आवड की, काळोख्या रात्री खेळता यावे म्हणून पळसाच्या लाकडाचे चेंडू पेटवून ते मैदानात सोडीत. पळसाचे लाकूड हलके असते आणि पुष्कळ वेळ धुमसत राहते.

परंतु घोड्याने दिलेला सर्वांत मोठा धडा एकोणिसाव्या शतकातल्या युरोपच्या शहरांतला आहे. तेव्हा मालाच्या गाड्या दांडगे घोडे ओढीत. सहा दिवस काम आणि रविवारी सुट्टी. मालक दयाळू, तो सुट्टीच्या दिवशीही दाण्याची तीच पाटी पुढे ठेवी. सोमवारी सकाळी घोडा मोठ्या उमेदीने बाहेर पडे आणि थोड्याच वेळात त्याचे मागचे पाय ताठरत, पुठ्ठे दगडासारखे होत, घामाच्या धारा लागत, लघवी कॉफीसारखी काळपट येई. पुष्कळदा ते धिप्पाड जनावर भर रस्त्यात कोसळे आणि काही तर मरूनही जात. या दुखण्याला लोकांनी नावच ठेवले : 'सोमवार-सकाळचा रोग'. याची कारणे एकाहून अधिक आहेत, असे आजचे तज्ज्ञ सांगतात. काही घोड्यांत तो दोष जन्मजात असतो आणि त्यामागचे एक जनुक २००८ साली सापडले. उपाय मात्र जुन्या मोतद्दारांना ठाऊक होता तोच राहिला आहे. सुट्टीच्या दिवशी दाणा कमी करा, सुट्टीलाही घोड्याला फिरवून आणा आणि कामाला जुंपताना सुरुवात सावकाश करा. पोटभर खाणे आणि एका जागी उभे राहणे, ही जोडी बलवान जनावरालाही भोवते.

माणसांतही हा प्रकार कोणाच्या लक्षात आला नव्हता असे नाही. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. दिवसभर बसून काम करणारे शिंपी आणि चांभार यांची प्रकृती त्याने पाहिली आणि निदान सुट्टीच्या दिवशी तरी त्यांनी अंग हलवावे, असा सल्ला दिला. शिलाई मशीनवर, गल्ल्यावर किंवा कचेरीच्या खुर्चीवर दिवस काढणाऱ्या आपल्या पालकांनी तो सल्ला आपल्यालाच दिला आहे असे समजावे.

लंडनच्या बसमधील दोन माणसे

येथपर्यंतचे ज्ञान अनुभवाचे होते. 'असे दिसते', 'असे वाटते' एवढेच म्हणता येत होते. मोजून-मापून पुरावा मिळाला तो विसाव्या शतकाच्या मध्यास, आणि तोही दुमजली बसमध्ये. मुंबईत १९३७ पासून धावलेल्या आणि २०२३ साली जुन्या डिझेल गाड्यांचा शेवटचा निरोप झालेल्या दुमजली बसमधून ज्यांनी प्रवास केला असेल, त्यांना हे चित्र चटकन समजेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये मध्यम वयाच्या पुरुषांना हृदयविकाराचे झटके फार येऊ लागले होते. कारण उमजत नव्हते. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने लंडनच्या परिवहन सेवेतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे ३१,००० पुरुषांची माहिती १९४९-५० या काळात गोळा केली. एकाच गाडीत दोन माणसे काम करीत : चालक आणि कंडक्टर. रस्ता तोच, धूर तोच, पगाराची पातळी आणि राहणी जवळपास सारखी. फरक एवढाच की चालक कामाच्या वेळेपैकी बहुतेक वेळ बसून असे आणि कंडक्टर तिकिटे फाडीत दिवसभरात शेकडो पायऱ्या चढे-उतरे.

१९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले गेले. दर हजारी, दरसाल, चालकांत हृदयविकाराचे प्रमाण २.७ होते आणि कंडक्टरांत १.९. शिवाय झटका आल्यावर पहिल्या तीन महिन्यांत मृत्यू येण्याचे प्रमाण कंडक्टरांत चालकांच्या निम्मे होते. मॉरिसने टपाल खात्याकडेही पाहिले. पायी व सायकलीवर पत्रे वाटणाऱ्या पोस्टमनचे हृदय बसून काम करणाऱ्या कारकुनांपेक्षा सुरक्षित आढळले.

विद्यार्थी मित्रांनो, येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्या. निष्कर्ष मनासारखा आला म्हणून मॉरिस स्वस्थ बसला नाही. 'कदाचित मुळातच स्थूल माणसे चालकाची नोकरी पत्करीत असतील', अशी शंका त्याने स्वतःच काढली. मग ती तपासायची कशी? त्याने गणवेशाच्या नोंदी मागविल्या आणि पाटलोणींच्या कमरेची मापे पाहिली! चालकांची कंबर खरोखरच मोठी निघाली, नोकरीच्या आरंभापासूनच. ही अडचण त्याने लपविली नाही, १९५६ साली छापून प्रसिद्ध केली. पण सडपातळ, मध्यम आणि स्थूल असे गट पाडून पाहिले तरी कंडक्टरांची बाजू उजवीच राहिली. शास्त्र म्हणजे आपल्याच मताला प्रश्न विचारण्याचे धैर्य. हा धडा शरीरशास्त्राबाहेरही उपयोगी आहे.

मॉरिस १९१० साली जन्मला आणि २००९ साली, वयाच्या ९९ व्या वर्षी वारला. सांगितले ते त्याने आचरलेही. उतारवयातही तो पोहत असे.

साठवून न ठेवता येणारी दौलत

अमेरिकेत राल्फ पाफेनबार्गर या डॉक्टरने हाच धागा पुढे नेला. सॅनफ्रान्सिस्कोच्या गोदीतल्या ६,३५१ कामगारांचा मागोवा त्याने २२ वर्षे घेतला. जड ओझी वाहणाऱ्यांत हृदयविकाराने येणारे मृत्यू हलके काम करणाऱ्यांपेक्षा पुष्कळ कमी होते. हे १९७५ साली प्रसिद्ध झाले. नंतर त्याने हार्वर्ड विद्यापीठाच्या सुमारे १७,००० माजी विद्यार्थ्यांकडे मोर्चा वळविला. त्यांतून एक गोष्ट अशी निघाली की ती प्रत्येक घरात सांगितली पाहिजे. कॉलेजात खेळाडू म्हणून गाजलेला, पण पुढे व्यायाम सोडून दिलेला माणूस काहीही सुरक्षित राहिला नव्हता. उलट, कॉलेजात कधी मैदानावर न फिरकलेला, पण पुढे नियमित व्यायामाला लागलेला माणूस सुरक्षित होता.

याचा अर्थ उघड आहे. व्यायामाची कमाई बँकेत ठेवता येत नाही. तरुणपणी मैदान गाजविले या पुण्याईवर पन्नाशी निभत नाही. आपल्याकडे तालीम सुटलेल्या पैलवानाचा खुराक तसाच चालू राहिला की त्याचे शरीर कसे सुटते, हे गावोगावच्या लोकांनी पाहिलेलेच आहे. तो त्या सोमवारच्या घोड्याचाच भाऊ. पण या गोष्टीची दुसरी बाजू मोठी दिलासा देणारी आहे. उशीर झाला म्हणून दार बंद झालेले नसते.

बिछान्यात नुसते पडून राहिल्याने काय होते, याचाही प्रयोग झाला आहे. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे वीस वर्षांच्या पाच धडधाकट तरुणांना २० दिवस अंथरुणावर निजवून ठेवले. तेवढ्याने त्यांचा दम, म्हणजे शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता, सुमारे चौथ्या हिश्श्याने घटली. त्याच पाचजणांना तीस वर्षांनी, १९९६ साली, पुन्हा तपासले. तेव्हा आढळले की, तीस वर्षांच्या वयाने त्यांच्या क्षमतेचे जेवढे नुकसान केले नव्हते, तेवढे त्या वीस दिवसांच्या लोळण्याने केले होते! मे महिन्याच्या सुट्टीत दिवसभर मोबाइल घेऊन पडून राहणाऱ्या मुलांना ही गोष्ट समजावून सांगावी.

पिंजरा आणि दावे

आता आपल्या अंगणातल्या प्राण्यांकडे वळू. कोंबड्यांना लहान पिंजऱ्यांत कोंडून अंडी घेण्याची पद्धत आली, तेव्हा १९५० नंतरच्या दशकात एक नवे दुखणे दिसू लागले. भरपूर अंडी देणारी कोंबडी एकाएकी पायांवर उभी राहीना. पंख फडफडवायला, उडी मारायला, दांडीवर बसायला जागा नाही, आणि अंड्याच्या कवचासाठी हाडांतला चुना सतत खर्ची पडतो. त्यामुळे हाडे ठिसूळ होतात. मोकळ्या जागेत फिरणाऱ्या, उड्या मारणाऱ्या कोंबड्यांची हाडे अधिक बळकट आढळतात. आपल्याकडील वाडीत उकिरडा उकरीत हिंडणारी कोंबडी दिसायला गबाळी असेल, पण तिचे पाय मजबूत असतात.

घरात कोंडलेली मांजरे स्थूल होतात आणि मांजरांनाही मधुमेह होतो. चोवीस तास साखळीला बांधलेला राखणीचा कुत्रा लठ्ठ तरी होतो नाहीतर चिडका. बकरी ईदसाठी आणलेला बकरा आठ-दहा दिवस अरुंद सज्ज्यात बांधून ठेवून त्याच्यापुढे एकाएकी धान्याचा ढीग टाकला, तर त्याचे पोट फुगून जिवावर बेतते. त्याऐवजी मुलांनी त्याला सकाळ-संध्याकाळ गल्लीतून फिरवून आणावे. बकऱ्याचे पोट ठीक राहील आणि मुलांचेही. पिंजऱ्यातल्या पोपटाबद्दल तर निराळे सांगायला नको. आपल्या देशी पोपटाला पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हाच आहे.

प्रयोगशाळांतल्या प्राण्यांची साक्षही तशीच आहे. बोस्टन येथे माकडांच्या दोन गटांना सारखाच चरबीयुक्त आहार दिला. एका गटाकडून आठवड्यातून तीन दिवस, तासभर व्यायाम करून घेतला. १९८१ साली निष्कर्ष आला की, व्यायाम करणाऱ्या माकडांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अधिक रुंद आणि अधिक स्वच्छ होत्या. १९९९ साली कॅलिफोर्नियात उंदरांच्या पिंजऱ्यात फिरते चाक ठेवले. चाकावर धावणाऱ्या उंदरांच्या मेंदूत, स्मरणशक्तीशी संबंधित भागात, नव्या पेशी अधिक तयार झाल्या आणि शिकण्याच्या परीक्षेतही ते पुढे गेले. उंदीर म्हणजे दहावीचा विद्यार्थी नव्हे, हे मान्य. पण २०११ साली अमेरिकेत १२० वयस्क माणसांवर प्रयोग झाला. वर्षभर नियमित चालणाऱ्यांच्या मेंदूतला तोच भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढला, न चालणाऱ्यांचा घटला. अभ्यासासाठी खेळ बंद करणाऱ्या पालकांनी या दोन प्रयोगांचा शांतपणे विचार करावा.

आणखी एक गमतीचा प्रयोग. हॉलंडमधील शास्त्रज्ञांनी उघड्या रानात असेच एक चाक ठेवून दिले. रानातले मोकळे उंदीर आपण होऊन येत, चाकावर धावत आणि निघून जात. हे २०१४ साली प्रसिद्ध झाले. धावणे ही कोंडलेल्या जिवाचीच धडपड नव्हे, मोकळ्या जिवाचीही ती हौस आहे.

भारताचा १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा अनेकांनी वाचलेला नसतो. त्याच्या अकराव्या कलमात क्रूरतेचे प्रकार सांगितले आहेत. हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणे ही क्रूरता. फार आखूड दोरीने फार वेळ बांधून ठेवणे ही क्रूरता. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे, हीसुद्धा क्रूरता. कुत्र्याच्या व्यायामाची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. मग सकाळी शाळा, दुपारी क्लास, रात्री गृहपाठ आणि उरलेल्या वेळी मोबाइल, अशा चार भिंतींत वाढणाऱ्या आपल्या लेकरांची जबाबदारी कोणावर?

अति सर्वत्र वर्ज्य

मात्र याच इतिहासाने दुसराही इशारा दिलेला आहे. ताकदीबाहेर व्यायाम करणारा माणूस हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहासारखा नाश पावतो, असे चरकाचे म्हणणे आहे. दिल्लीचा सुलतान कुतुबुद्दीन ऐबक १२१० साली लाहोर येथे चौगान खेळताना घोड्यावरून पडून मरण पावला. जनावरांच्या बाबतीत तर हा इशारा अधिकच महत्त्वाचा, कारण 'दमलो' हे त्यांना बोलून सांगता येत नाही. मुंबईच्या डांबरी रस्त्यांवर व्हिक्टोरिया ओढणाऱ्या घोड्यांच्या हालांची तक्रार न्यायालयापर्यंत गेली आणि २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या गाड्या बेकायदा ठरविल्या. ओझ्याखाली राबणे आणि व्यायाम या दोन भिन्न गोष्टी आहेत. पोटासाठी दिवसभर हातगाडी ओढणाऱ्या बापाला व्यायामाचा उपदेश करू नये, त्याला विश्रांतीची गरज आहे. हीच गोष्ट पहाटेपासून पाण्याच्या कळशा वाहणाऱ्या आईची.

मग आपण काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण असे आहे : ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी सरासरी रोज ६० मिनिटे, आणि प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालले की प्रौढांचा हिशेब पुरा होतो. याला ना वर्गणी लागते, ना महाग बूट. ज्यांना हृदयाचे किंवा सांध्यांचे दुखणे आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून आरंभ करावा. बाकीच्यांनी तज्मीरच्या घोड्याचा मार्ग धरावा, आधी एक मैल आणि मग सहा.

पालकहो, दहावीच्या वर्षातही मुलाची संध्याकाळची एक तासाची सुट्टी काढून घेऊ नका. मुलींच्या बाबतीत लोक काय म्हणतील ही काळजी असेल, तर शाळेच्या आवारात त्यांच्यासाठी वेगळी वेळ आणि शिक्षिका यांची मागणी करा. घराच्या गच्चीवर दोरीवरच्या उड्या मारायला तर कोणाचीच हरकत नाही. इब्न सीनाच्या यादीत झोपाळासुद्धा आहे! हाडे बळकट होण्याचे वय तेच असते आणि पुढे आई होणाऱ्या मुलीला त्या बळाची गरज अधिक आहे. शारीरिक शिक्षणाचा तास दुसऱ्या विषयाला देणाऱ्या शाळेला पालकसभेत नम्रपणे पण स्पष्टपणे प्रश्न विचारा. आम्हा शिक्षकांना असे प्रश्न विचारणारे पालक हवे आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी शेळी असेल, वाडीवर कुत्रा असेल, तर त्याला फिरवून आणण्याचे काम तुम्ही मागून घ्या. त्या मुक्या जिवाचे दावे रोज थोडा वेळ सोडा आणि त्याच्या मागे तुम्हीही चाला. आपल्या अब्बांना दुकान बंद झाल्यावर घरापर्यंत पायी यायला सांगा, आणि शक्य तेव्हा त्यांना आणायला स्वतः जा. परतीच्या वाटेवर दिवसभरात काय शिकलात ते त्यांना सांगा. पुस्तक तर आपण उघडलेच आहे. आता रोज एक तास घराचे दारही उघडू या.